चालत्या गाडीतून उतरताना पाय गेला, चूक भावाचीच, मग भरपाई मिळते का?

ताई, तुमचा प्रश्न आधी चार ओळीत सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचा धाकटा भाऊ मुंबईला नोकरीला. चवथीला घरी यायला निघाला, जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नाही म्हणून रात्रभर दाराजवळच उभा. उत्तर गोव्यातल्या एका स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबली, आतली माणसं सरकेपर्यंत सुटली पण, हा बॅग घेऊन उतरायला गेला आणि प्लॅटफॉर्म आणि डब्याच्या फटीत गेला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पाकीट, मोबाईल, तिकीट सगळं तिथेच गेलं. हॉस्पिटलात भेटायला आलेल्या एका साहेबांनी सांगितलं की चालत्या गाडीतून उतरला, चूक त्याची, तिकीट पण नाही, काही मिळायचं नाही. ते खरं धरून तुम्ही आठ महिने गप्प बसलात, आणि आता शेजारच्या कुणीतरी विचारून बघा म्हटलं म्हणून विचारताय.

साहेबांनी सांगितलेलं चूक आहे, दोन्ही बाबतीत. मी गोव्यात वीसेक वर्षं अपघाताच्या केसेस चालवतोय, जास्त करून रस्त्यावरच्या कारण आपल्याकडे त्याच जास्त, पण रेल्वेच्याही बऱ्यापैकी केल्यात, आणि हा गैरसमज मला दरवेळी भेटतो. शिकलेल्या लोकांत जास्त भेटतो म्हणा, कारण त्यांना 'आपली चूक असेल तर भरपाई कशी मागायची' हे नैतिकदृष्ट्या पटलेलं असतं.

पण पहिली गोष्ट तारखेची. क्लेम लावायची मुदत घटनेपासून एक वर्ष आहे. उशीर झाला तर योग्य कारण दाखवून माफ करून घेता येतो, कायद्यात तशी सोय आहे, पण ती सोय कशाला वापरायची, आठच महिने झालेत तर वेळेत लावा. बाकीचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

आता चुकीचं. आपल्याला सवय रस्त्यावरच्या अपघाताची. पर्वरीच्या हायवेवर टँकरने स्कूटर उडवली तर नेहमीच्या क्लेममध्ये टँकरवाल्याचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो, स्कूटरवाल्याचीही थोडी चूक निघाली तर तेवढे टक्के कापले जातात, मग वर्षानुवर्षं भांडण चालतं की हॉर्न वाजवला होता का, इंडिकेटर दिला होता का. रेल्वेचं तसं नाही. १९८९ चा रेल्वे कायदा आहे, त्यातलं कलम १२४ म्हणजे टक्कर, डबे घसरणं असले मोठे अपघात. आणि कलम १२४-अ, जे १ ऑगस्ट १९९४ पासून लागू झालं, ते 'अनटुवर्ड इन्सिडंट'साठी, म्हणजे अघटित घटना म्हणा. दोन्ही कलमांत एक गोष्ट सारखीच लिहिलीय, की रेल्वेची चूक, हयगय, कसूर काही असो वा नसो, रेल्वेने भरपाई द्यायची. रेल्वेची चूक शोधायची नाही, म्हणून प्रवाशाचीही टक्केवारी लावत बसायची नाही. दोघांचाही हलगर्जीपणा बाहेर.

मोठ्या अपघाताचं उदाहरण आपल्या रुळावरचंच देतो. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईला जाणारी हॉलिडे स्पेशल रुळावर आलेल्या दरडीवर आदळली, पन्नासच्या वर माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये मत्स्यगंधा एक्सप्रेस अशीच दगडावरून घसरली. तेव्हा आमच्याकडे पण लोक विचारत होते, अहो डोंगरच खाली आला, पाऊस देवाचा, त्यात रेल्वे काय करणार? बरोबर आहे, सुरक्षेच्या चौकशीत तो मुद्दा येतो, रेल्वे सेफ्टी कमिशनर बघतात की डोंगराचे सैल दगड आधी काढायला हवे होते का, पेट्रोलिंग होतं का (गंमत म्हणजे हे कमिशनर रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली येत नाहीत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या येतात). पण भरपाईला त्याचा काही संबंध नाही. दरड देवाने पाडली की कंत्राटदाराच्या हयगयीने पडली, कलम १२४ ला फरक पडत नाही. आज पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या हळू जातात, वेगळं वेळापत्रक लागतं, डोंगर कापून रूळ नेलेत तिथे माणसं रात्रभर कंदील घेऊन फिरतात, त्याच्यामागे हे जून महिने आहेत.

तुमच्या भावाचं प्रकरण १२४-अ मध्ये बसतं. 'अनटुवर्ड इन्सिडंट'ची व्याख्या कलम १२३ मध्ये आहे आणि ती तशी अरुंद आहे, दोनच भाग. एक म्हणजे अतिरेकी हल्ला, मारहाण, दरोडा, दंगल, गोळीबार, जाळपोळ वगैरे, हे गाडीत झालं तरी चालतं आणि प्लॅटफॉर्म, वेटिंग हॉल, तिकीट खिडकी असं स्टेशनच्या हद्दीत कुठेही झालं तरी चालतं. दुसरा भाग म्हणजे प्रवासी गाडीतून चुकून पडणं. बस. हा 'पडणं' शब्द पुढे फार महत्त्वाचा होणार आहे, लक्षात असू द्या.

मग रेल्वेला सुटायची वाट कुठली? पाचच आहेत. आत्महत्या किंवा तिचा प्रयत्न, स्वतःहून करून घेतलेली इजा, स्वतःचं गुन्हेगारी कृत्य, दारूच्या नशेत किंवा वेडाच्या भरात केलेलं कृत्य, आणि नैसर्गिक कारण किंवा आजार. यात 'निष्काळजीपणा' हा शब्द कुठेच नाही, शोधून बघा. तो नाही म्हणूनच रेल्वेचे वकील तो मागच्या दाराने आणतात. वीस वर्षांत मी रेल्वेची जेवढी लेखी उत्तरं वाचली त्या सगळ्यांत एक परिच्छेद तोच असतो, की अर्जदार स्वतःच्या बेपर्वाईने चालत्या गाडीतून उतरला, सबब ही 'स्वतःहून करून घेतलेली इजा' आहे. टाईप करणारा बदलत असेल, परिच्छेद बदलत नाही.

याचं उत्तर सुप्रीम कोर्टाने तीन टप्प्यांत दिलंय आणि तुमच्या वकिलाला हे तिन्ही निकाल माहीत असायलाच हवेत, नसतील तर वकील बदला. २००८ चा प्रभाकरन विजयकुमार निकाल, त्यात गाडीत चढताना पडणं सुद्धा 'गाडीतून पडणं'च आहे असं धरलं आणि रेल्वेची जबाबदारी चुकीवर अवलंबून नाही हे स्पष्ट सांगितलं. २०१० चा जमीला निकाल, त्यात माणूस उघड्या दारात उभा होता, कोर्ट म्हणालं की ते निष्काळजीपणाचं असेल पण निष्काळजीपणा म्हणजे गुन्हेगारी कृत्य नव्हे. आणि २०१८ चा रीना देवी निकाल, तो सगळ्यात उपयोगाचा, कारण तोपर्यंत वेगवेगळी हायकोर्टं वेगवेगळं बोलत होती. त्यात सांगितलंय की चढताना किंवा उतरताना झालेली इजा, मृत्यू ही अघटित घटनाच, आणि 'स्वतःहून करून घेतलेली इजा' म्हणायला तसा हेतू पाहिजे, नुसता हलगर्जीपणा पुरत नाही. आपला पाय तोडून घ्यायचा हेतू ठेवून कुणी चवथीला घरी येतो का?

फूटबोर्डावर उभं राहणं म्हणजे गुन्हा, असंही साहेब लोक सांगतात. कलम १५६ आहे खरं, पण ते नीट वाचा, रेल्वे कर्मचाऱ्याने बजावल्यावरही जो टपावर, पायरीवर, इंजिनावर प्रवास करत राहतो त्याच्यासाठी आहे. तुमच्या भावाला कुणी बजावलं होतं? चवथीच्या गर्दीत टीसी जनरल डब्यात शिरूच शकत नाही, बजावणार कोण?

दारूचं मात्र सांभाळा. गोवा म्हटलं की रेल्वेच्या वकिलाला हा मुद्दा सुचतोच, प्रवासी बाहेरचा असेल तर अजूनच. केसपेपरवर कुणीतरी 'दारूचा वास येत होता' अशी अर्धी ओळ लिहून ठेवलेली असते आणि त्यावर सगळा बचाव उभा करतात. रक्ताची तपासणी झाली होती का, ते बघा. नुसत्या वासावर नशा सिद्ध झाली असं मी तरी मानू देत नाही, पण ती ओळ आहे की नाही हे आधीच माहीत असलेलं बरं.

कुठल्या केसेस बसत नाहीत तेही सांगतो, म्हणजे खोटी आशा नको. रूळ ओलांडताना गाडीने उडवलं, तर ते 'गाडीतून पडणं' नाही, आणि वर कलम १४७ खाली विनापरवाना रुळावर येणं हा गुन्हा. पूल चढायचा कंटाळा करून दोन नंबरवरून एक नंबरवर उड्या मारत जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. दूधसागरचं पण तसंच, गाडी धबधब्यासमोर हळू होते म्हणून उतरून रुळावरून चालणारे, त्यांना २०२३ च्या जुलैत रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या ते सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. अशा माणसाला मागून दुसऱ्या गाडीने धडक दिली तर १२४-अ मध्ये मी त्याची केस घेणार नाही. दारात उभा राहून फोटो काढताना तोल गेला तर मात्र घेईन, कारण ते पडणं आहे, मूर्खपणाचं असलं तरी.

आता तिकीट. कायदा 'प्रवासी' मागतो, म्हणजे वैध तिकीट काढलेला, प्लॅटफॉर्म तिकीटवाला पण त्यात येतो. पण तिकीट खिशात सापडलं नाही म्हणजे तो विनातिकीट होता असं होत नाही, हे पण रीना देवी निकालातच आहे. तुम्ही प्रतिज्ञापत्रावर सांगायचं की तिकीट काढलं होतं, कुठून काढलं, किती वाजता, कोण बरोबर होतं, ते कसं हरवलं. सुरुवातीचं ओझं तुमचं, ते तेवढ्याने हलकं होतं आणि मग उलट सिद्ध करायचं काम रेल्वेचं. (त्याच निकालात हेही आहे की रेल्वेच्या हद्दीत नुसती बॉडी सापडली म्हणून तो प्रवासी ठरत नाही, तेव्हा हातावर हात ठेवून बसू नका.) प्रत्यक्षात काय करायचं: मोबाईलच्या ॲपवरून तिकीट काढलं असेल तर नंबर चालू करून घ्या, हिस्टरी मिळते. खिडकीवर यूपीआयने पैसे दिले असतील तर बँकेच्या स्टेटमेंटला ती रक्कम त्या दिवशी त्या वेळी दिसेल. रोख दिले असतील तर त्याला स्टेशनवर सोडायला आलेला रूममेट, डब्यात बरोबर असलेला कुणी गाववाला, घरी पाठवलेला 'गाडीत बसलो' असा मेसेज. माझ्या एका केसमध्ये आईला पाठवलेला डब्यातल्या गर्दीचा फोटोच कामाला आला, वेळ आणि तारखेसकट.

सगळ्यात जास्त केसेस मात्र तिकिटावर पडत नाहीत, कागदावरच्या एका शब्दावर पडतात. मगाशी 'पडणं' म्हटलं ना, तेच. माणूस रक्तबंबाळ हॉस्पिटलात येतो, कॅज्युअल्टीमध्ये ड्युटीवरचा पोरगा डॉक्टर बरोबरच्याला विचारतो काय झालं, आणि बरोबरचा सांगेल ते लिहितो. एका केसमध्ये बरोबर स्टेशनबाहेरचा रिक्षावाला होता, बिचाऱ्याने माणुसकीने आणून पोचवलं, तो कोकणीत म्हणाला 'ट्रेनीन मारलो', डॉक्टरने लिहिलं 'हिट बाय ट्रेन'. झालं. रेल्वेने त्या तीन शब्दांवर चार वर्षं केस लढवली की हा रूळ ओलांडत होता. शेवटी स्टेशन मास्तरच्या मेमोने वाचवलं, त्यात 'उतरताना पडला' असं स्वच्छ होतं. म्हणून आधी हॉस्पिटलचा केसपेपर आणि डिस्चार्ज कार्ड काढा, त्यात काय लिहिलंय ते बघा.

मग बाकीचे कागद. स्टेशन मास्तरने पोलिसांना दिलेला मेमो, स्टेशन डायरीतली नोंद, गार्डने काही कळवलं असेल तर ते (हल्ली गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात, काम तेच), पोलिसांचा पंचनामा आणि जबाब. मडगावला कोकण रेल्वे पोलीस स्टेशन आहे, ते गोवा पोलिसांचं. आरपीएफ म्हणजे रेल्वे सुरक्षा दल वेगळं, ते रेल्वेचं स्वतःचं. लोक दोघांत गोंधळ करतात आणि एकाचा अर्ज दुसऱ्याकडे देऊन महिने घालवतात. शिवाय अशा घटनेची रेल्वेने स्वतः चौकशी करायची असते, २००३ चे नियम आहेत त्यासाठी, आरपीएफ तपास करतं आणि वरिष्ठ अधिकाऱ्याचा रिपोर्ट बनतो, आम्ही त्याला डीआरएम (विभागाचा रेल्वे व्यवस्थापक) रिपोर्ट म्हणतो. तो बहुतेक वेळा रेल्वेच्या बाजूने लिहिलेला असतो, पण त्याला जोडलेले जबाब वाचा, त्यात कर्मचारीच खरं बोलून गेलेले असतात. माहिती अधिकारात मागा. सीसीटीव्ही आता आठ महिन्यांनी मिळेल असं मला वाटत नाही, त्यावर नवीन रेकॉर्डिंग होत राहतं, पण पोलिसांनी तेव्हा कॉपी घेतली होती का ते विचारा. आणि ज्यांच्याकडे अशी घटना आत्ताच झालीय त्यांनी पहिल्या दोन-तीन दिवसांतच फुटेज राखून ठेवा असा लेखी अर्ज द्यावा, पोच घेऊन.

भावाने हॉस्पिटलात दिलेल्या जबाबात 'गाडी सुटल्यावर घाईत उतरलो, माझी चूक झाली' असं असेल तर घाबरू नका. उलट त्यात तो गाडीत होता, उतरत होता, पडला हे तिन्ही आलं. तुमच्या केसला लागतं तेवढं सगळं त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, मला तर असा जबाब आवडतो.

पैसे किती. मृत्यूला आठ लाख, १ जानेवारी २०१७ पासून, त्याआधी चार लाख होते. दोन्ही हात, दोन्ही पाय, दोन्ही डोळे अशा इजांनाही आठ लाख. बाकीच्या इजांना नियमांना जोडलेलं परिशिष्ट आहे, अगदी रेट कार्डसारखं, वाचताना अंगावर काटा येतो, कुठलं बोट किती रुपयाचं असं. पाय कापला असेल तर किती वरून कापला आणि उरलेला भाग किती इंचाचा यावर रक्कम बदलते. म्हणून अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर नुसतं 'गुडघ्याखाली ॲम्प्युटेशन, अमुक टक्के' नको, उरलेल्या भागाची लांबी मोजून लिहायला सांगा. डॉक्टर लोक टक्के लिहून मोकळे होतात, आणि मग दोन इंचावरून युक्तिवाद करायची वेळ येते. रकमेवर घटनेच्या तारखेपासून व्याज मिळू शकतं. पगार किती होता, पुढे किती कमावला असता, हा हिशोब मात्र इथे होत नाही, मोटार अपघातात होतो तसा. चूक सिद्ध करायची नाही त्याची ही किंमत समजा, पैसे ठरलेले.

एक्स ग्रेशिया वेगळी. ती रेल्वे लगेच मदत म्हणून देते, १८ सप्टेंबर २०२३ पासून अशा घटनेत मृत्यूला दीड लाख, गंभीर जखमीला पन्नास हजार, किरकोळला पाच हजार. (टक्कर, घसरणं असला अपघात असेल तर पाच लाख, अडीच लाख, पन्नास हजार.) तुम्हाला मिळाली नसेल तर त्यासाठीही अर्ज करा, आणि मिळाली असेल तर ती घेतली म्हणून क्लेम बंद होत नाही, कुणी तसं लिहून घेत असेल तर सही करू नका. ऑनलाईन आरक्षित तिकिटाला पंचेचाळीस पैशांचा विमा असतो, टिक केला तर, त्यात मृत्यूला आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दहा लाख आणि अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखापर्यंत आहे. भावाचं जनरल तिकीट, त्याला तो लागू नाही, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी कृपा करून ती टिक करा, आणि नंतर येणाऱ्या लिंकवर नॉमिनीचं नाव भरा, चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे.

केस लावायची रेल्वे क्लेम्स ट्रिब्युनलमध्ये. साधं दिवाणी कोर्ट यात चालत नाही, मडगाव-म्हापशाच्या कोर्टात दावा टाकून दोन वर्षांनी परत आलेले लोक मी बघितलेत. गोव्यात ट्रिब्युनलचं बेंच नाही, मुंबईला जावं लागतं, आपल्याकडच्या लोकांची सगळ्यात मोठी अडचण हीच. तिकीट जिथून काढलं, घटना जिथे झाली किंवा जिथे उतरायचं होतं, त्या हिशोबाने बेंच धरता येतं, आणि भाऊ मुंबईहून निघाला होता म्हणजे मुंबईबद्दल वादच नाही. अजून एक, गोव्यात दोन रेल्वे आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पेडण्यापासून काणकोणपर्यंत उभी जाते ती कोकण रेल्वे, आणि वास्कोहून कुळे, कॅसलरॉकला जाते ती दक्षिण पश्चिम रेल्वे. नोटीस भलत्याच रेल्वेला गेली तर ते निवांतपणे 'आमचा संबंध नाही' म्हणून कळवतात, सहा महिन्यांनी. तुमचं स्टेशन उत्तर गोव्यातलं म्हणजे कोकण रेल्वेचं. ट्रिब्युनलने नाही म्हटलं तर हायकोर्टात अपील आहे, नव्वद दिवसांत.

इथपर्यंत हलगर्जीपणा बाहेर ठेवला, पण तो कुठे आत येतो तेही सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाखाली एका काकांनी विचारलंय की प्लॅटफॉर्मवर पाय घसरून हात मोडला तर आठ लाख मिळतात का. नाही मिळत. व्याख्या आठवा, गाडीतून पडणं. प्लॅटफॉर्मवर घसरणं, एस्कलेटरवर पडणं, पुलाची पायरी तुटणं, छपराचा पत्रा डोक्यात पडणं, हे १२४-अ मध्ये नाही. इथे मग आपला जुना रस्ता, रेल्वेचा हलगर्जीपणा दाखवा, तुमची चूक नव्हती हे दाखवा, आणि ग्राहक आयोगात जा किंवा दिवाणी दावा लावा. तिकीट काढलं म्हणजे तुम्ही ग्राहक. आयोग उत्तर गोव्याला वेगळा, दक्षिण गोव्याला मडगावला. घटनेपासून दोन वर्षं मुदत, आणि फी दिलेल्या पैशांवर ठरते, पाच लाखांपर्यंत फीच नाही, रेल्वेचं तिकीट कितीचं असणार?

असली माझी एक केस होती, सत्तरीच्या एक आजी, पावसाळ्यात एका स्टेशनवर छप्पर गळून साचलेल्या पाण्यात फुटक्या लादीवर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या नातवाने त्याच संध्याकाळी लादीचे, गळक्या छपराचे, 'ओली जागा' असा बोर्ड कुठेच नसल्याचे दहा फोटो काढले होते, आणि हे पोरगं दोन दिवसांनी परत गेलं तेव्हा लादी नवीन बसवलेली, तिचा पण फोटो काढला. त्या अकरा फोटोंवर केस उभी राहिली. समोरच्यांनी आधी म्हटलं ट्रिब्युनलला जा, आम्ही म्हटलं गाडीतून पडल्याच नाहीत तर ट्रिब्युनल कसं, मग म्हटलं आजींनी बघून चालायला हवं होतं. शेवटी आयोगाने उपचाराचा खर्च आणि वर थोडे त्रासाचे पैसे दिले, फार नाही, आणि वेळ बराच गेला. फोटो नसते तर मी केस घेतलीच नसती हे खरं सांगतो. म्हणजे काका, हात मोडल्यावर आधी डॉक्टर, पण घरातलं कुणीतरी मोबाईल घेऊन परत स्टेशनवर गेलं पाहिजे.

आणि दोन्हीकडून एकाच अपघाताची भरपाई दोनदा मिळत नाही, कलम १२८ आहे त्यासाठी. म्हणून कुठला रस्ता ते आधी ठरवायचं. फौजदारी केस हा वेगळा प्रकार, हयगयीने मृत्यू झाला तर नव्या न्याय संहितेत कलम १०६ आहे, पण त्यात एका माणसाची वैयक्तिक हयगय दाखवावी लागते, तुमच्या भावाच्या बाबतीत त्याच्या मागे लागू नका, वेळ जाईल.

ज्यांच्या घरी माणूसच गेलाय त्यांच्यासाठी एक गोष्ट, ही फक्त गोव्यातली. आपल्याकडे माणूस गेला की नोटरीकडे वारस दाखल्याला आणि इन्व्हेंटरीला, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायला, धावायची सवय, पोर्तुगीज काळापासून. रेल्वेचा क्लेम वारसाहक्कावर चालत नाही, कलम १२३ मध्ये 'अवलंबून असलेले' कोण ते दिलंय, नवरा-बायको, मुलगा-मुलगी, गेलेला माणूस अविवाहित किंवा अज्ञान असेल तर आई-बाप, आणि त्याच्यावर अवलंबून असतील तर एरवीही आई-बाप, लग्न न झालेली बहीण, अज्ञान भाऊ, विधवा सून वगैरे. एकाने अर्ज केला की तो सगळ्यांसाठी असतो. तेव्हा इन्व्हेंटरी संपायची वाट बघत वर्ष घालवू नका, मी असे दोन क्लेम मुदतीबाहेर गेलेले बघितलेत, दोन्हीकडे भावाभावांत घराच्या वाट्यावरून भांडण चाललेलं आणि आईचा क्लेम तसाच पडलेला.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये 'तुमचा रेल्वेचा क्लेम करून देतो, अर्धे माझे' म्हणून कार्ड देणारे फिरतात, त्यांच्या कोऱ्या वकालतनाम्यावर सही नको आणि बँकेचं पासबुक, सही केलेले चेक तर अजिबात देऊ नका.

तर ताई, या आठवड्यात हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून पहिल्या दिवसाचा केसपेपर काढा, डिस्चार्ज कार्ड नव्हे, पहिल्या दिवसाचा, कॅज्युअल्टीतला. त्यात 'पडला' लिहिलंय की 'गाडीखाली आला' लिहिलंय की 'गाडीने उडवला' लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका, नाव-पत्ता झाकून. पुढचा अर्ज कसा लिहायचा ते त्या एका ओळीवर ठरेल.